आधी ३८ अंकांचा स्पायडरमॅन वाचा

सुपरहिरो कॉमिक्स वाचायला कुठून सुरुवात करावी, यावर '१९३८च्या सुपरमॅनपासून क्रमानं वाचत या' असा एक सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. त्या गोष्टी इतिहास म्हणून मोलाच्या आहेतच, पण नवखा वाचक त्यात दमतो आणि कॉमिक्सच सोडून देतो.

त्यापेक्षा लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन घ्या. १९६२ साली 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात आलेली पहिली गोष्ट जेमतेम ११ पानांची आहे. पीटरची (म्हणजे स्पायडरमॅनची) चूक, बेन काकांचा मृत्यू, सगळं त्यात आलं. मग 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे डिटकोनं काढलेले पहिले ३८ अंक. संवाद जरा लांबलचक आहेत, पण घरभाड्याची आणि मे काकूच्या तब्येतीची पीटरला लागलेली काळजी आजही खरी वाटते. ३३व्या अंकात तो अवाढव्य यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, काकूचं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. ती पानं कृपया घाईनं उलटू नका! तो ओझं उचलत जातो तशा चौकटी मोठ्या होत जातात, ते बघा.

बॅटमॅनच हवा असेल तर फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं 'इयर वन', १९८७चं. चारच अंक, मागचं काही ठाऊक असायची गरज नाही.

'वॉचमेन' हे गाजलेलं कॉमिक मात्र नंतर. त्यात सुपरहिरोच्या साच्याचीच उलटतपासणी आहे. साचा ओळखीचा झाला की ती खरी भिडते.