कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

‘मतदार कार्ड आहे, मग काळजी कसली?’ असं बरेच जण म्हणतात, त्यावर थोडं सांगते. कार्ड ही फक्त ओळख. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. महाराष्ट्रात पालिका-पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच असते. ठरलेल्या तारखेची ती यादी घेऊन प्रभागांप्रमाणे फोडतात. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून बहुतेकदा उपयोग होत नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८, हे आत्ताच भरून टाका.

प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी लागली की घरातलं प्रत्येक नाव बोट ठेवून वाचा. गेल्या वेळी आम्ही तिघं एका प्रभागात आणि सासूबाईंचं नाव रस्त्यापलीकडच्या प्रभागात! मुदतीत हरकत घेतली म्हणून नाव परत आलं. त्यांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही, ते त्या वेळी हुकलं असतं तर मला फार लागलं असतं.

आणि हो, बहुसदस्यीय प्रभाग असेल, म्हणजे एकाच प्रभागातून एकापेक्षा जास्त सदस्य निवडायचे असतील, तर एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच नीट समजावून ठेवा.