सांबाच्या पोटातून शेल कमांड चालवणं बंद करा

म्हापसेकर:
पणजीतल्या एका प्रिंटिंग प्रेसचा फाइल सर्व्हर मी बघतो, लिनक्सवर सांबा (विंडोज मशिनांना फाइली वाटणारा प्रोग्राम) आणि समोर आठ विंडोज मशिनं. माझ्या आधीच्या कुणीतरी एसएमबी डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे सांबाच्या सेटिंगच्या फाइलीत, जाहिरातींच्या शेअरखाली (नेटवर्कवर वाटलेला फोल्डर) रूट प्रीएक्झेक लावून ठेवलेलं, म्हणजे कुणी शेअर उघडला की स्क्रिप्ट आधी बॅकअपची यूएसबी डिस्क माउंट करणार (जोडणार), मग आरसिंकने फाइलींची कॉपी. पावसात लाइट गेली, आली, डिस्क अडकली, आणि ऐन चवथीच्या जाहिरातींच्या गडबडीत शेअरच उघडेना, एक्सप्लोररमधली हिरवी पट्टी नुसती सरकतेय. मी पाऊण तास नेटवर्कच्या मागे, केबल बदलल्या, स्विच बदलला. शेवटी पीएस मारून चालू प्रोसेस बघितल्या तर माउंट कमांड डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली, किल मायनस नाइननेपण हलेना. आणि प्रीएक्झेकची कमांड संपेपर्यंत सांबा पुढे जातच नाही.

सांबाने फाइली द्याव्यात, घ्याव्यात, बस. त्यातून ही कमांड रूट (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून चालते आणि तिच्यात क्लायंटने, म्हणजे समोरच्या मशीनने, पाठवलेलं नाव जातं, हे मला अजिबात पटत नाही.

फोंडेकर:
म्हापसेकर बाब, चूक स्क्रिप्टची आणि शिक्षा सांबाला? कमांड मागे सोडून स्क्रिप्ट लगेच संपवली असती तर शेअर उघडला असता. मी कितीतरी वर्षं रूट प्रीएक्झेकमधूनच नवीन युजरचा होम फोल्डर तयार करतो. पर्सेंट यू कॅपिटलमध्ये युजरचं नाव मिळतं, रूट प्रीएक्झेक क्लोज चालू ठेवलं की स्क्रिप्ट फेल झाली तर कनेक्शनच नाकारलं जातं. एवढी सोपी सोय असताना वेगळा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) कशाला पोसायचा?

म्हापसेकर:
ते नाव येतं कुठून हाच तर प्रश्न आहे. सीव्हीई-२००७-२४४७ ही सुरक्षेतली त्रुटी आठवा. सांबा ३.०.० पासून ३.०.२५आरसी३ पर्यंत, युजरनेम मॅप स्क्रिप्ट (आलेलं नाव लिनक्सच्या युजरशी जुळवणारी सेटिंग) चालू असेल तर लॉगिनला आलेलं नाव न गाळता थेट शेलकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जायचं. नावात बॅकटिकच्या खुणांत कमांड घालून पासवर्ड नसलेला माणूससुद्धा रूट म्हणून कमांड चालवू शकायचा. आजपण पेनटेस्टिंग (परवानगीने हल्ला करून सुरक्षा तपासणं) शिकणारी पोरं मेटास्प्लॉइटेबल या सरावाच्या कच्च्या मशीनवर हाच हल्ला करून हात बसवतात.

फोंडेकर:
आणि ते ३.०.२५ मध्ये दुरुस्त झालं, तेपण सांगा की. २०१७ चं सीव्हीई-२०१७-७४९४ घ्या, त्यात शेल कुठेच नव्हता. लिहिता येणाऱ्या शेअरवर शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राममध्ये लोड होणारा कोड) टाकायची आणि सर्व्हरलाच ती लोड करायला लावायची. ३.५.० पासूनच्या आवृत्त्या त्यात सापडलेल्या. स्क्रिप्ट काढून टाकलेला माणूसपण पॅच मारला नसता तर बुडालाच असता. खरा बचाव पॅचचा आहे हो.

डिचोलीकर:
मधे बोलतो, कारण यात मी स्वतः फसलोय. मला वाटलेलं फाइल कॉपी झाली की पोस्टएक्झेक चालेल, त्यात पीडीएफ बनवायची स्क्रिप्ट टाकली. पण ते फाइलशी बांधलेलंच नाही, शेअरचं कनेक्शन तुटलं की चालतं, आणि विंडोज मशीन दिवसभर कनेक्शन धरून बसतं. संध्याकाळी मशिनं बंद झाली की सगळ्या पीडीएफ एकदम. आता आयनोटिफायवर (फाइल बदलली की कळवणारी लिनक्सची सोय) एक छोटी सर्व्हिस आहे, लिहून झालेली फाइल बंद झाल्याचा क्लोज राइट इव्हेंट आला की फाइलचा साइज थांबलाय का बघते, कारण एकाच फाइलला तो इव्हेंट कधीकधी दोनदा येतो, मग पीडीएफ करते. साधा युजर, रूट नाही. अडकली तर पीडीएफ उशिरा होईल, शेअर बंद पडत नाही.

म्हापसेकर:
हेच म्हणतोय मी. २०१७ वाल्यावरून मी उलटं शिकलो, ज्या प्रोसेसला रूटचे हक्क आहेत तिच्यात आपण अजून काही कोंबू नये. आणि फोंडेकर, होम फोल्डरसाठी पॅमचं (लिनक्सची लॉगिनची व्यवस्था) एमकेहोमडिर आहे की, सांबात ओबे पॅम रिस्ट्रिक्शन्स चालू केलं की झालं.

फोंडेकर:
लावून बघितलंय. फोल्डर करतं, स्केलेटन नावाच्या नमुना फोल्डरमधल्या फाइली टाकतं, पण डिस्क कोटा आणि डिपार्टमेंटचा ग्रुप कोण लावणार? माझी स्क्रिप्ट ते सगळं एकदम करते. डिचोलीकरांचा पीडीएफचा मुद्दा मान्य, फाइलमागचं काम मीपण प्रीएक्झेकमध्ये टाकणार नाही. होम फोल्डरची ओळ मात्र राहणार, फक्त नाव आधी गेटएंटने सिस्टिमच्या युजरांच्या यादीत तपासून, कोट्समध्ये घालूनच पुढे देईन, आणि टाइमआउट पाच सेकंदांचा.