मदत हवी आहे : फिजीतील गावाचे नाव देवनागरीत कसे लिहावे?

शाळेच्या भूगोल प्रदर्शनासाठी मी फिजीच्या वानुआ लेवू बेटावरील एका किनारी गावावर फलक तयार करत आहे. भरतीचे पाणी वारंवार घरांत शिरू लागल्यामुळे २०१४ साली हे गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हलवण्यात आले. मजकूर लिहून झाला आहे. अडले आहे ते गावाच्या नावापाशी.

रोमन अक्षरांवरून मी आधी ‘वुनिदोगोलोआ’ लिहिले होते. मात्र फिजियन लेखनात ‘डी’चा उच्चार ‘न्द’ आणि ‘जी’चा ‘ङ’ होतो (कागदावर ‘नादी’ दिसणारे शहर बोलताना ‘नांदी’ होते, ते त्यामुळेच), म्हणून मी ‘वुनिन्दोङोलोआ’ असा बदल केला. नमुना छापून आणला, तेव्हा ‘ङ’चे टिंब इतके पुसट उमटले होते की सातवीतल्या मुलीने ते ‘वुनिन्दोडोलोआ’ असे खणखणीत वाचले. ‘वुनिन्दोंगोलोआ’ लिहावे, तर ‘ंग’ हा ध्वनी फिजियनमध्ये ‘क्यू’ या अक्षराचा आहे, आणि त्याच फलकावर ‘क्यू’ने लिहिले जाणारे ‘म्बेंगा’ (Beqa) बेटाचेही नाव येते; मग दोन वेगळे ध्वनी सारखेच दिसतील.

टंक बदलता येईल, नकाशावर रोमन नावही राहील. तळटीपेला मात्र जागा नाही. कोशातील किंवा पाठ्यपुस्तकातील दाखला असल्यास उत्तम. मराठी वाचकासाठी येथे ‘ङ’ ठेवावा, की उच्चारातील फरक सोडून ‘ंग’ स्वीकारावा?