काढलं, पण का? ग्रुपबाहेर, खातं बंद, आयडी ब्लॉक : अनुभव धागा

पाचपाखाडीकर

हल्ली ठाण्यात चार लोकांत बसलं की त्यात कुठून ना कुठून काढलं गेलेलं एखादं माणूस निघतंच. कोणी सोसायटीच्या ग्रुपमधून, कोणाचं खातं बंद, कोणाची कामाची आयडी. बोलायला लागले की रडगाणं फिरून एकाच जागी येतं: काढलं त्याचं एवढं नाही, एका शब्दानं विचारलं नाही.

व्हॉट्सॲपनं भारतापुरता पहिला मासिक अहवाल २०२१ मध्ये काढला होता. १५ मे ते १५ जून या महिन्यात बंद केलेली खाती २० लाख. त्याच काळात लोकांकडून आलेल्या तक्रारी ३४५. बंद झालेली बहुतेक खाती घाऊक मेसेज मारणाऱ्यांची होती असं कंपनी म्हणते, आणि ते खरंही असेल. पण २० लाखांत एकही निरपराध नव्हता, हे माझ्या काही गळी उतरत नाही.

ज्यांना काढलं त्यांनी लिहा. ज्यांनी काढलं त्यांनी तर जरूर लिहा. सोसायटीचं, कंपनीचं, माणसाचं नाव मात्र नको, आणि राजकारणावरून झालेली भांडणं इथे दुसऱ्यांदा लढू नका.

घोडबंदर_टँकर

चला, मी नारळ फोडते. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं की या महिन्यात टँकर किती आले आणि प्रत्येकाची पावती आहे का. त्यावर एकाचा अंगठा, दोघांचे जोडलेले हात, आणि मग सेक्रेटरींचा मेसेज: ‘हा ग्रुप सूचनांसाठी आहे, चर्चेसाठी नाही.’ त्याच ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, ते कुठल्या सूचनेत बसतात, असं मी विचारलं. संध्याकाळी बघते तर मी बाहेर.

नवऱ्याला ठेवलंय! फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, सभासद मी आहे, आणि ग्रुपमध्ये तो. त्याला ग्रुप म्यूट करून वर्षं झाली.

अपमान गिळला असता. पण लिफ्टचं काम, टाकी धुणं, पार्किंगचे स्टिकर, सगळं तिथेच येतं. नोटीस बोर्डावर शेवटचा कागद गणपतीच्या वर्गणीचा आहे.

सहकार_खात्यातला_निवृत्त

ताई, सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३५ वाचा. सभासदाला संस्थेतून काढायचं तर त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हजर मतदार सभासदांची तीन-चतुर्थांश मतं लागतात. त्या सभासदाला सभेपुढे आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, नाहीतर ठराव वैधच नाही. आणि एवढं सगळं करूनही निबंधकानं मंजुरी दिल्याशिवाय तो अंमलात येत नाही.

तुमच्या सेक्रेटरींनी हे सगळं चहा पिता पिता उरकलं.

ग्रुपला हे कलम लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी ग्रुप नावाची वस्तूच नाही. पण मग तो सगळीकडेच नाही! सूचना ग्रुपवर टाकली म्हणून कमिटीची जबाबदारी संपली असंही त्यांना म्हणता येणार नाही. टँकरच्या पावत्यांसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हिशेब बघायचा हक्क सभासदाचा आहे, ग्रुपमेंबरचा नाही.

सीवूड्स_भाडेकरू

मला काढलं नाही, कारण घेतलंच नाही. आमच्याकडे ग्रुपचं नावच ‘ओनर्स ओन्ली’. माझे मालक कॅनडात. पाणी बंदची सूचना त्यांना जाते, तेव्हा तिकडे मध्यरात्र. ते उठून मला फॉरवर्ड करतात, तोवर इकडे नळ कोरडा होऊन बादल्या शोधून झालेल्या असतात. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी मालकाला लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मात्र मालक माझ्याकडूनच वसूल करतात.

नौपाडा_जुना

एवढं काय त्यात? ग्रुप ज्यानं काढला त्याचा. माझ्या घरी कोणाला बोलवायचं ते मी ठरवणार. काढलं तर नवा ग्रुप काढा, फुकट असतो.

सीवूड्स_भाडेकरू

काका, नवा काढू. टाकी धुण्याची सूचना जुन्यावरच येणार ना?

नेरुळची_फराळवाली

टाईप भाची करतेय, मी सांगतेय.

दिवाळीत फराळ आणि वर्षभर मोदक, पुरणपोळ्या अशा ऑर्डरी घेते. फोटोंच्या एका ॲपवर माझं खातं होतं. गिऱ्हाईकं तिथली, ऑर्डरी तिथल्याच मेसेजमध्ये. नातवाची पहिली दिवाळी होती. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर घेऊन तेल-उटणं लावतानाचा फोटो मी टाकला. आठ महिन्यांचं पोर, अंगावर काय असणार? करगोटा!

दुपारी खातं बंद. कारण जे लिहिलं होतं ते मी भाचीला इथे टाईपही करू देत नाही. लहान मुलांच्या बाबतीत जे घाणेरडे गुन्हे करतात, त्यांच्या रांगेत मला नेऊन बसवलं होतं. माझा जावई ते वाचत होता आणि मला त्याच्यासमोर उभं राहवेना.

खाली अपिलाचं बटण होतं. दाबलं. पोहे परतून होईतो उत्तर हजर: तपासणी केली, निर्णय कायम. एवढ्यात कोण तपासतं हो? डोळ्यांनी बघणारा कोणी असता तर त्याला पाट दिसला असता, रांगोळी दिसली असती, मांडीवर पोर घेतलेली आजी दिसली असती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा फोटो काढतात, अल्बमात लावतात.

भाऊबीजेच्या ऑर्डरी अडकल्या. कोणाला अनारसे, कोणाला चकली, कोणाचा पत्ता घणसोलीचा की ऐरोलीचा, सगळं आत. काहींनी फोन नंबर शोधून काढून विचारलं, काहींना वाटलं बाई पैसे घेऊन पळाली. माझ्या डोळ्यांदेखत माझं नाव खराब झालं आणि मला सांगायला जागा नाही.

मग भाचीनं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता हुडकला, इंग्रजीत मेल लिहिला, पुन्हा लिहिला. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर खातं परत आलं. सोबत एक ओळ: चुकून झालं, क्षमस्व. तो आरोप मागे घेतला असं कुठेही नाही. आता ऑर्डरी वहीत लिहिते.

चरईतला_वकील

काकू, भाचीनं नेमकं बरोबर केलं. इतरांसाठी थोडं सांगतो.

२०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. निकालाची मुदत मूळ नियमात १५ दिवसांची होती. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या माध्यमांनी आपण होऊन एखादा मजकूर हटवला, तर कारण कळवायचं आणि हरकत घ्यायला वाजवी संधी द्यायची, असं नियम ४ सांगतो. तो मजकुराबद्दल बोलतो, अख्ख्या खात्याबद्दल स्पष्ट बोलत नाही, त्यामुळे वादाला जागा उरते. अधिकाऱ्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. ही समिती २०२२ च्या दुरुस्तीनं आली, तिचं पोर्टल १ मार्च २०२३ ला सुरू झालं. अपील घरबसल्या करता येतं. हे माहीत असलेला अशील मला क्वचितच भेटतो.

सोसायटीचे ग्रुप यात बसत नाहीत. तिथे ॲडमिन म्हणेल ती पूर्व.

कोपरखैरणे_रायडर

तुमचे ग्रुप बंद झाले, माझं पोट बंद झालं.

कोपरखैरणे, घणसोली, वाशी पट्ट्यात खाण्याच्या डिलिव्हरी मारतो. ड्युटी चालू करताना ॲप सेल्फी मागतं. गावाला वडील वारले. दहाव्याला डोकं, मिशी सगळं काढलं. परत आलो, सेल्फी मॅच होईना. दोन-तीनदा मारला, मग स्क्रीनवर आलं की तुमची आयडी दुसरा माणूस वापरतोय, आयडी कायमची ब्लॉक.

पोरं आयडी भाड्यानं देतात, खोटं नाही बोलणार. म्हणून चेकिंग पाहिजेच, त्याला माझी ना नाही. पण आधार कार्ड घ्या, व्हिडिओ कॉल करा, बोलवा समोर! सपोर्टच्या चॅटवर वडलांचा मृत्यूचा दाखला टाकला. उत्तर आलं, ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.’ नंतर तेच वाक्य परत. भरतीच्या टायमाला वाशीत एक गाळा होता ऑफिस म्हणून, तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन केला तर म्हणाला, केस वाढले की ट्राय कर. मस्करीत नाही, सिरियस.

आठवड्याचा पेमेंट आणि इन्सेंटिव्ह आत अडकला. आता दुसऱ्या ॲपवर आहे, रेटिंग शून्यापासून.

वर्तकनगर_ॲडमिन

काढणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. ठाण्यातला एक मोठा ग्रुप आम्ही तिघं सांभाळतो. रस्ते, पाणी, चांगला दातांचा डॉक्टर कोण, असलं चालतं तिथे. जेवणं झाली की मी रोज झाडू मारायला बसतो. झटपट कर्ज, घरबसल्या कमवा, येऊरच्या बंगल्यातल्या पार्ट्या, एकाच फ्लॅटच्या जाहिराती वेगवेगळ्या दलालांकडून. नोटीस द्या, बाजू ऐका म्हणता, कोणाची? त्यातल्या बऱ्याच खात्यांमागे माणूसच नसतो. आणि एखाद्या मुलीच्या फोटोखाली अचकट-विचकट लिहिणाऱ्याला मी कारण देत बसणार नाही. ते त्याला माहीत असतं.

आमच्यातला एक जण पहिली कित्येक वर्षं जरा गरम पोस्ट दिसली की थेट माणूसच उडवायचा. २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली होती, तेव्हा पालघर आपल्याच जिल्ह्यात होतं. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या अटकेत लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं, तरी त्याच्या डोक्यातून काही ते गेलं नाही. मग २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिननं शिवराळ सदस्याला काढलं नाही म्हणून त्याच्यावरच गुन्हा होता. न्यायालयानं तो रद्द केला: ॲडमिनचा त्या सदस्याशी संगनमताचा हेतू नसेल तर सदस्याच्या पोस्टची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. तो निकाल मी छापून त्या मित्राच्या हातात दिला.

आता माणसांपुरती एक पद्धत पाडली आहे. ज्या ॲडमिनशी वाजलं त्यानं काढायचं नाही, बाकीच्या दोघांनी ठरवायचं. पहिली बंदी आठवड्याची, आणि कारण एका ओळीत इनबॉक्सला. यानं शिव्या कमी झाल्या असं समजू नका, वाढल्या. कारण कळवलं की त्यावर वाद घालायला लोक रात्री दीडला उठतात. आठवडाभरानं परत आलेल्यांतले बरेच मात्र नीट राहतात, हेही पाहिलंय.

घोडबंदर_टँकर

ज्याच्याशी वाजलं त्यानं काढायचं नाही! हे आमच्या सेक्रेटरींना कोण सांगणार? ग्रुपला ॲडमिन एकच, ते स्वतः.

ऐरोली_टेस्टर

वर्तकनगरकरांच्या आठवड्याच्या मुदतीबद्दल. फेसबुकनं जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांचं खातं बेमुदत बंद केलं. मे महिन्यात फेसबुकच्याच ओव्हरसाइट बोर्डानं, म्हणजे असे निर्णय तपासणाऱ्या मंडळानं, सांगितलं की बंद करणं योग्य होतं, पण बेमुदत ही शिक्षा तुमच्या नियमांत कुठेच नाही, काय ती मुदत ठरवा. मग दोन वर्षं ठरली आणि २०२३ मध्ये खातं परत मिळालं. माणूस आवडो न आवडो, बोर्डाचा मुद्दा रास्तच होता. राष्ट्राध्यक्षासाठी बोर्ड बसतं आणि फराळवाल्या काकूंना पोहे परतेपर्यंत निकाल मिळतो, हे मात्र खटकतं.

माझा अनुभव उलटा आहे. मी एका मुक्त ज्ञानकोशावर मराठीत लिहितो. एकदा फोनवरून, लॉगिन न करता, एका किल्ल्याच्या पानातली चूक सुधारायला गेलो तर बंदी. मोबाईल कंपन्या एका आयपी पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. कोणीतरी त्या पत्त्यांवरून धुडगूस घातला होता, म्हणून पत्त्यांचा अख्खा पट्टाच बंद. म्हणजे अन्याय म्हणाल तर पक्का अन्याय, माझा काडीचा संबंध नाही. तरी राग आला नाही. पानावर लिहिलेलं होतं की बंदी कोणी घातली, कशासाठी, कधी उठणार आणि दाद कुठे मागायची. लॉगिन केल्यावर काम सुरूही झालं. तिथे बंदी म्हणजे नुकसान थांबवण्याचा उपाय, शिक्षा नव्हे, असं धोरणातच आहे. बंदी असलेल्या सदस्यालाही सहसा स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं. रायडरदादांना तेवढं एक पान मिळालं असतं तरी दाखला कोणीतरी वाचला असता.

खारघरचा_बाबा

आमचं छोटंसं. मुलासाठी जुना फोन घेतला, त्यानं गेम टाकला, लगेच बंदी. आधीच्या मालकानं हॅक लावून खेळलं होतं आणि बंदी खात्यावर नाही, फोनवरच बसली होती. दुकानदार म्हणतो, फोन चालतो ना? चालतो.

कोपरखैरणे_रायडर

वकील साहेब, आमच्यासारख्यांना ते अपील समितीचं चालतं का? का काही वेगळं आहे?

चरईतला_वकील

ती समिती समाजमाध्यमांसारख्या मंचांवरच्या तक्रारींसाठी आहे, तुमचा विषय कामाचा आणि पैशांचा आहे. कर्नाटकानं २०२५ च्या गिग कामगार कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना घातली आहे, पण तो त्या राज्यापुरता. तुम्ही अडकलेल्या पेमेंटसाठी चॅट सोडून मेल करा. त्यात आयडी नंबर, ब्लॉक झाल्याची तारीख, वडिलांचा दाखला, आधारवरचा फोटो आणि आत्ताचा फोटो जोडा, आणि कारण लेखी मागा. प्रत मला पाठवा, मी नोटिशीचा मसुदा करून देतो, फी नको. कमाईचं स्टेटमेंट काढलेलं आहे ना?

कोपरखैरणे_रायडर

तो ऑप्शन आयडी चालू असली तरच दिसतो साहेब. जुन्याचे फक्त बँकेचे मेसेज आहेत, ते काढतो. नवीन ॲपचं स्टेटमेंट आजच डाउनलोड केलं, आणि बायकोच्या फोनवरपण टाकून ठेवलं.