भिगवणसाठी लाँग झूम: कॅनन की पॅनासॉनिक?

मंडळी, जरा मदत हवीये. दर थंडीत भिगवणला जातो, फ्लेमिंगो बघतो आणि मोबाईलमध्ये नुसते गुलाबी ठिपके घेऊन परत येतो, म्हणून आता लाँग झूम कॅमेरा (लांबचं जवळ आणणारा, लेन्स न बदलता येणारा) घ्यायचाय, डीएसएलआर आणि मोठी लेन्स परवडणार नाही. सेकंडहँडमध्ये दोन मिळतायत, कॅनन एसएक्स५० आणि पॅनासॉनिक एफझेड२००. कॅननचा झूम ५०एक्स म्हणजे १२०० एमएम (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), पण टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं तोंड, एफ ६.५ वर जातं (एफचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). पॅनासॉनिक २४एक्स, ६०० एमएमच, पण शेवटपर्यंत एफ २.८! आता पहाटेच्या उजेडात, हलत्या होडीतून १२०० एमएम खरंच कामाला येतो का, की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवून सगळं रवाळच दिसणार? माझं मन पॅनासॉनिककडे झुकतंय, बायको म्हणते झूम जास्त तोच घ्या. कोणी दोन्ही वापरलेत का? आणि जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समधली बुरशी कशी तपासायची तेही सांगा.