पिंडारी हिमनदीचा ट्रेक विश्रामगृहांत मुक्काम करत: वेळापत्रक कसे आखावे?

मंगळवारपेठकर

सर्वांना नमस्कार.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही कोल्हापूरचे सहा जण उत्तराखंडातील कुमाऊँमधल्या पिंडारी हिमनदीच्या ट्रेकला जाण्याचे ठरवत आहोत. गटातील सर्वांत लहान व्यक्ती ३८ वर्षांची आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती ६१ वर्षांची आहे. पन्हाळा ते विशाळगड ही वाट आम्ही सर्वांनी भर पावसात चाललेली आहे, मात्र हिमालयात आमच्यापैकी कोणीही गेलेले नाही. तंबू आणि स्वयंपाकाचे साहित्य सोबत न्यायचे नाही, रात्री डोक्यावर पक्के छप्पर असावे, एवढ्याच कारणासाठी हा मार्ग निवडला आहे. कारण खाती, द्वाली आणि फुर्किया या तिन्ही ठिकाणी कुमाऊँ मंडल विकास निगमाची विश्रामगृहे आहेत आणि तेथे जेवणाचीही सोय होते, असे समजले.

आमचा कच्चा आराखडा असा आहे. बागेश्वरहून सकाळी जीपने खरकियाला पोहोचायचे आणि दुपारनंतर सुमारे ५ किलोमीटर चालून खातीला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी खातीहून द्वालीमार्गे थेट फुर्किया गाठायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे झीरो पॉइंटला, म्हणजे वाटेच्या शेवटच्या टोकाला, जाऊन हिमनदी पाहायची आणि त्याच दिवशी उतरत खातीला परतायचे. चौथ्या दिवशी खरकियाहून निघून रात्रीपर्यंत काठगोदामला गाडी पकडायची. रजा मोजकीच असल्यामुळे आराखडा इतका आखडता घेतला आहे. तो शक्य कोटीतला आहे का, आणि विश्रामगृहात राहायचे असल्यास सोबत किती सामान लागते, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सह्यवाट

नमस्कार. मार्ग अगदी योग्य निवडला आहे. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या आणि छपराखाली राहू इच्छिणाऱ्या गटासाठी याहून चांगली वाट मला तरी सुचत नाही. वेळापत्रकाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगतो.

तंबू सोबत असला की पाय थकतील तिथे मुक्काम टाकता येतो. विश्रामगृहांच्या वाटेवर तसे करता येत नाही. खाती सोडल्यावर पुढचे छप्पर सुमारे ११ किलोमीटरवर द्वालीला, तिथून पुढचे ५ किलोमीटरवर फुर्कियाला, आणि त्यानंतर झीरो पॉइंटपर्यंतच्या सुमारे ७ किलोमीटरमध्ये मुक्कामाची खात्रीची सोय नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या दिवशी १६ किलोमीटरचे चालणे आणि हजार मीटरचा चढ येतो, तर तिसऱ्या दिवशी जाऊन-येऊन ३० किलोमीटर होतात. गटातील एकाचा जरी गुडघा द्वालीच्या अलीकडे दुखू लागला, तरी सहाही जणांना अंधारात जंगलातून चालावे लागेल. अशा मार्गावर गटातील सर्वांत मंद चालणाऱ्याला दुपारी तीनच्या आत पोहोचता येईल एवढेच अंतर रोज ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

मी असे सुचवीन की पहिला मुक्काम खातीला, दुसरा द्वालीला आणि तिसरा फुर्कियाला करावा. द्वाली ते फुर्किया हे अंतर दिसायला लहान आहे, परंतु त्यात ६०० मीटरहून अधिक उंची चढावी लागते, त्यामुळे तो दिवस आखूड वाटला तरी तसाच राहू द्यावा. चौथ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास हेडलॅम्प लावून निघावे. सकाळ सरू लागली की ढग चढतात आणि नंदाकोट, छांगुच, नंदाखाट ही शिखरे झाकली जातात. उशिरा पोहोचलेल्यांना कित्येकदा पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. झीरो पॉइंट सुमारे ३,६६० मीटरवर आहे. हिमनदी बरीच मागे सरकली असून तेथील कडा खचत राहते, म्हणून छायाचित्रासाठी काठाजवळ अजिबात जाऊ नये. तिथून त्याच दिवशी द्वालीला उतरावे, पाचव्या दिवशी खातीला यावे आणि सहाव्या दिवशी खरकियामार्गे बागेश्वर गाठावे. यावर आणखी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

हा मोकळा दिवस कोणी चैनीचा समजू नये. जून २०१३ च्या महापुराने या खोऱ्यातील वाटेचे आणि पुलांचे मोठे नुकसान केले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे ज्या महिन्याला आपण निरभ्र आकाशाचा महिना म्हणतो त्याच महिन्यात, अतिवृष्टीमुळे पर्यटक द्वालीला अडकून पडले होते आणि शेजारच्या सुंदरढुंगा खोऱ्यात पदयात्रींचे प्राण गेले. द्वाली हे पिंडर आणि कफनी या दोन नद्यांच्या संगमावर आहे. आपली पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी फुटाफुटाने चढते आणि आपल्याला आवराआवर करायला वेळ देते. डोंगरातील ओढा मात्र तासाभरात अनोळखी होतो. अशा वेळी विश्रामगृहातच थांबून पाणी ओसरण्याची वाट पाहणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग असतो, आणि ज्याचे परतीचे तिकीट त्याच रात्रीचे असते तो माणूस तसा थांबत नाही.

प्रवासाविषयी थोडक्यात: कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते, त्यामुळे तारखा जुळत नसतील तर मिरजेहून रोज सुटणारी गोवा एक्सप्रेस पाहावी. दिल्लीहून रात्रीच्या राणीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदामला उतरले की अल्मोड्यामार्गे संध्याकाळपर्यंत बागेश्वरला पोहोचता येते. लागणारी सर्व रोख रक्कम बागेश्वरलाच काढून घ्यावी.

डॉक्टर_शिवाजीपेठ

वरील वेळापत्रकाशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि वैद्यकीय बाजूने त्याला पुष्टी देऊ इच्छिते.

साधारण २,५०० मीटरच्या वर झोपायला जाणाऱ्या कोणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, मग त्याचे वय आणि व्यायाम कितीही असो. खाती सुमारे २,२०० मीटरवर, द्वाली २,५७५ मीटरवर आणि फुर्किया ३,२०० मीटरच्या थोडे वर आहे. मूळ आराखड्याप्रमाणे चालल्यास एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरने वाढली असती. द्वालीला रात्र काढल्याने हाच चढ दोन दिवसांत विभागला जातो. फुर्कियाला पोहोचल्यावर जेवून लगेच आडवे न होता, थोडी विश्रांती घेऊन शंभर-दीडशे मीटर वर फिरून यावे आणि खाली येऊन झोपावे.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती जाणवल्यास आणखी वर जाऊ नये, आणि विश्रांतीने ती कमी होत नसतील तर खाली यावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला सोबतीने द्वालीला उतरवावे. वर चढताना ज्येष्ठ मंडळी आपला त्रास इतरांची सहल बिघडू नये म्हणून लपवतात, असे मी वारंवार पाहिले आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन प्रकृती विचारण्याची जबाबदारी गटातील एका व्यक्तीकडे आधीच सोपवावी.

रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे विरळ हवेच्या त्रासावरचे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. झोपेच्या गोळ्या आणि मद्य या दोन्हीपासून त्या दिवसांत दूर राहावे.

दाजीपूरची_वाट

सामानाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

विश्रामगृहात गाद्या आणि रजया मिळतात, तरीही फुर्कियाच्या रात्रीसाठी प्रत्येकाने स्वतःची स्लीपिंग बॅग न्यावी. ती जड वाटत असेल तर निदान सुती लाइनर (आत शिरून झोपायची पातळ पिशवी) आणि उबदार कपड्यांचा एक कोरडा जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवावा. गर्दीच्या दिवसांत रजया सर्वांना पुरतीलच असे नाही. तंबू आणि भांडी वगळल्यावर पाठीवरची सॅक सात-आठ किलोंच्या आत सहज बसते. पोंचो, हेडलॅम्प, सुटे सेल, पॉवर बँक आणि काठी या वस्तू मात्र वगळू नयेत. ज्येष्ठांसाठी खातीतून एखादा भारवाहक घ्यावा. त्या गावाची बरीचशी मिळकत याच वाटेवर अवलंबून आहे आणि वाटेची ताजी स्थिती त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.

जेवण बहुधा डाळ, भात, पोळी आणि बटाट्याची भाजी एवढेच असते. सर्व शिधा खेचरांच्या पाठीवरून वर येतो, त्यामुळे पदार्थांचा आग्रह धरू नये. फुर्कियाच्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणून पोहोचल्याबरोबर जेवणाची संख्या सांगावी. आपली कांदा-लसूण चटणी आणि भडंग सोबत असावे. उंचीवर भूक मंदावते, तेव्हा ओळखीच्या चवीमुळे चार घास जास्त जातात. कचरा, विशेषतः बिस्किटांची वेष्टने, एका पिशवीत घालून बागेश्वरपर्यंत परत आणावा.

एका बाबतीत सह्यवाट यांच्यापेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. मोकळा दिवस वेळापत्रकाच्या शेवटी ठेवण्याऐवजी तो द्वालीच्या मुक्कामाला जोडलेला धरावा. हवामान चांगले राहिले तर त्या दिवशी कफनीच्या खोऱ्यात जमेल तितके जाऊन द्वालीलाच परतता येते, आणि बिघडले तर तोच दिवस थांबण्यासाठी हाताशी राहतो.

सरावासाठी रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्या पुरेशा नाहीत, कारण त्यात चढ-उतार नाही. सप्टेंबरभर दर रविवारी कुशिऱ्याकडून जोतिबा डोंगर पूर्ण वजनाची सॅक घेऊन चढावा आणि चालतच उतरावा. गुडघे दुखतात ते उतरताना.

मंगळवारपेठकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सहाही जणांनी एकत्र बसून हे सर्व वाचले. रजा तीन दिवसांनी वाढवून घेण्याचे ठरले असून खाती, द्वाली, फुर्किया, पुन्हा द्वाली आणि खाती असे मुक्काम, तसेच द्वालीला एक मोकळा दिवस, असा नवा आराखडा केला आहे. आमच्यातील ज्येष्ठ काकांना रक्तदाबाचे औषध चालू आहे. त्यांची तपासणी याच आठवड्यात करून घेत आहोत. आता एकच शंका उरते: आरक्षण करताना आधी रेल्वेचे तिकीट काढावे की विश्रामगृहाचे?

सह्यवाट

आधी फुर्कियाचे. तिथे जागा कमी असते आणि हंगामात मोठे गट ती आधीच धरून ठेवतात, त्यामुळे फुर्कियाची रात्र ज्या तारखेला मिळेल तिच्यावरून मागचे-पुढचे मुक्काम बसवावेत आणि मग रेल्वेचे तिकीट काढावे. निगमाच्या नैनीतालच्या मुख्यालयाकडून आरक्षणाची लेखी पावती मागून तिची छापील प्रत सोबत ठेवा, कारण वर फोनच्या रेंजचा भरवसा नाही आणि चौकीदाराला कागदच दाखवावा लागतो. फुर्कियाला जागा मिळालीच नाही, तर लोक निर्माण विभागाच्या (तिकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) जुन्या डाक बंगल्याविषयी बागेश्वरला चौकशी करता येते. परंतु सहा जणांनी केवळ त्या भरवशावर वर जाऊ नये. काकांच्या तपासणीत काय निघते ते कळवा. गरज पडल्यास ते आणि आणखी एक जण द्वालीलाच थांबतील, असाही आराखडा आपण करू शकतो.