आरबीसी जास्त, पण हिमोग्लोबिन कमी?

पाणी कमी प्यायल्याने किंवा सिगारेटमुळे आरबीसी (रक्तातल्या लाल पेशी) वाढतात, हे बरोबरच. पण तेव्हा सहसा हिमोग्लोबिनही वर जातं. माझ्या धाकट्या बहिणीचं उलटं होतं: आरबीसी 5.9 दशलक्ष, हिमोग्लोबिन 10.8 आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) जेमतेम 61! वर्षभर लोहाच्या गोळ्या गिळल्या, फरक शून्य.

मग एका डॉक्टरांनी रिपोर्टच्याच कोपऱ्यात पेनाने 61 भागिले 5.9 केलं, साधारण 10.3 आलं. उत्तर 13च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाचा सौम्य प्रकार) संशय घ्यायचा (नुसता अंदाज हं, निदान नव्हे). एचबी ए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासलं, 5.2 टक्के, म्हणजे जास्त निघालं आणि संशय खरा ठरला. म्हणजे पेशी भरपूर, पण बारक्या. तिला त्रास काहीच नाही. फक्त तेव्हा लग्न ठरत होतं, म्हणून होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करून घेतली; दोघांनाही मायनर असेल तर बाळाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो.